गुणतालिकेतील जागेचे मोल

मुंबईहून गोव्याकडे निघालेली वाहने हातखंबा मागे टाकून पालीत पोहोचली, की रस्त्याला दोन फाटे फुटतात. महामार्ग लांजा, राजापूर, कणकवली करीत पणजीकडे जातो. डावीकडचा रस्ता नाणीज, साखरपा ओलांडून आंबा घाट चढतो आणि मलकापूरमार्गे कोल्हापुरात शिरतो. रत्नागिरी जिल्ह्याचे स्वतःचे खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो आणि अर्थातच क्रिकेट. फुटबॉलला येथे फारसा आश्रय नाही. तरीही पालीच्या या तिठ्यावरून निघणारे दोन्ही रस्ते मराठी मुलखाच्या जवळच्या दोन फुटबॉलवेड्या प्रदेशांत जाऊन पोहोचतात, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. एका टोकाला पेठांच्या तालमींचा फुटबॉल आहे, दुसऱ्या टोकाला खाणमालक, जहाजमालक आणि राजकारणी घराण्यांच्या पैशावर उभा राहिलेला क्लब फुटबॉल. हंगाम संपला, की दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला जातो : आपला संघ कितवा आला? मात्र त्या ‘कितवा’ची रुपयांत किंमत किती, या प्रश्नाचे उत्तर या दोन्ही ठिकाणी सापडत नाही. त्यासाठी पुण्याच्या एका उद्योगसमूहाची गोष्ट पाहावी लागते, आणि ती घडली इंग्लंडमध्ये.

पुण्याच्या ‘व्यंकटेश्वरा हॅचरीज’ समूहातील ‘व्हेंकीज’ने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लिश क्लब सुमारे दोन कोटी तीस लाख पौंडांना विकत घेतला आणि त्याखेरीज क्लबच्या डोक्यावरचे कर्जही अंगावर घेतले. ब्लॅकबर्न हा काही ऐरागैरा संघ नव्हता. १९९४-९५ चे प्रीमियर लीगचे विजेतेपद त्याच्या नावावर होते. कोंबड्यांच्या व्यवसायातील एका भारतीय घराण्याने इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतील क्लब घ्यावा, याचे त्या वेळी येथे मोठे कौतुक झाले होते. महिनाभरात, संघ तेराव्या स्थानावर असताना, व्यवस्थापक सॅम अलरडाइस यांना काढून टाकण्यात आले. तो हंगाम संघाने कसाबसा पंधराव्या स्थानावर संपविला. पुढच्या हंगामात, मे २०१२ मध्ये, ब्लॅकबर्न एकोणिसावा आला आणि खालच्या श्रेणीत गेला.

गुणतालिकेतील जागेचे अर्थशास्त्र येथे उघडे पडते. प्रीमियर लीगच्या इंग्लंडमधील दूरचित्रवाणी हक्कांच्या पैशाचा निम्मा भाग वीसही क्लबांना सारखा मिळतो. एक चतुर्थांश भाग सामने किती वेळा दाखविले गेले त्यानुसार वाटला जातो, आणि उरलेला चतुर्थांश अंतिम क्रमांकानुसार. ही शेवटची वाटणी अगदी सरळ आहे. तळाच्या क्लबला एक हिस्सा, त्याच्या वरच्याला दोन, असे चढत जाऊन विजेत्याला वीस हिस्से. २०११-१२ च्या हंगामात हा एक हिस्सा सुमारे साडेसात लाख पौंडांचा होता. म्हणजे एकोणिसाव्या स्थानावरील ब्लॅकबर्न सतराव्या स्थानावर आला असता, तर या खात्यात त्याला फक्त पंधरा लाख पौंड अधिक मिळाले असते. एखाद्या बऱ्या खेळाडूचा वर्षाचा पगारही त्यातून जेमतेम निघाला असता.

परंतु सतरा आणि अठरा या दोन आकड्यांच्या मध्ये एक दरी आहे. शेवटचे तीन संघ खाली जातात. त्या हंगामात ब्लॅकबर्नला प्रीमियर लीगच्या वाटणीतून एकूण सुमारे चार कोटी पौंड मिळाले होते. खालच्या ‘चॅम्पियनशिप’ श्रेणीत गेल्यावर पहिल्या वर्षीची ‘पॅराशूट’ रक्कम दीड कोटी पौंडांच्या आसपास होती. म्हणजे तिकीटविक्री, प्रायोजक, खेळाडूंचे बाजारमूल्य यांतील घट बाजूला ठेवली, तरी एका वर्षात अडीच कोटी पौंडांची तूट. ज्या भावाला क्लब घेतला होता, जवळपास तेवढीच ती रक्कम होती. दुर्दैव असे, की त्यानंतर एकाच वर्षाने दूरचित्रवाणी हक्कांचा नवा करार लागू झाला आणि २०१३-१४ मध्ये सर्वांत शेवटी आलेल्या कार्डिफ सिटीच्या पदरातही सहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम पडली. ज्या वर्षी शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवरही मेजवानी वाढली गेली, त्या वर्षी पुण्याचे मालक पंगतीबाहेर होते.

विसाव्यावरून एकोणिसाव्या स्थानावर चढणे आणि अठराव्यावरून सतराव्या स्थानावर चढणे या कागदावर एकेकच पायऱ्या आहेत. पैशांत मोजू गेल्यास पहिली लाखांची आणि दुसरी कोटींची. वरच्या टोकालाही असेच आहे. युरोपातील ‘चॅम्पियन्स लीग’ची दारे जेथे उघडतात ती पायरी उंच, त्या खालच्या चार-पाच पायऱ्या जवळजवळ सपाट. मध्यावर अकरावा की तेरावा, याने मालकाच्या वहीत फारसा फरक पडत नाही. त्यामुळेच हंगामाच्या अखेरच्या महिन्यात मधल्या संघांचे खेळाडू काहीसे सुस्तावलेले दिसतात, आणि तळाचे संघ मात्र जिवावर उदार होऊन खेळतात. प्रेक्षकाला ती जिगर वाटते. तिच्यामागे खेळाडूंच्या करारांतील कलमेही असतात : संघ खाली गेल्यास पगार कापला जाईल, वर आल्यास बोनस मिळेल.

ताज्या आकड्यांकडे पाहिले, तर २०२३-२४ च्या हंगामात प्रीमियर लीगमधील एका जागेची किंमत सुमारे २८ लाख पौंड होती. विजेत्या मँचेस्टर सिटीला एकूण साडेसतरा कोटी पौंडांच्या वर, तर तळाच्या शेफील्ड युनायटेडला सुमारे अकरा कोटी पौंड मिळाले. पहिला आणि विसावा यांच्यातील फरक दुपटीहूनही कमीच. याला दानशूरपणा म्हणता येणार नाही. तळाचा संघ पार कंगाल झाला, तर शनिवारचा सामना पाहण्यासारखा राहत नाही आणि सामने विकले जात नाहीत, एवढे व्यापारी शहाणपण त्या वाटणीत आहे. मात्र लीगच्या उंबरठ्यावर हे शहाणपण संपते. ‘चॅम्पियनशिप’मधून वर जाण्याच्या अंतिम प्ले-ऑफ सामन्याचे मोल किमान वीस कोटी पौंड असल्याचा ‘डेलॉइट’ या हिशेबतज्ज्ञ संस्थेचा २०२५ चा अंदाज होता. एक नव्वद मिनिटांचा सामना आणि तीन वर्षांत मिळून वीस कोटी पौंड.

ज्या जुगारात एका डावावर एवढे मिळते, तेथे माणसे घर गहाण टाकतात. लीड्स युनायटेडने तेच केले. सन २००० च्या सुमारास या क्लबने चॅम्पियन्स लीगमधील कमाई दरवर्षी येतच राहील असे धरून, पुढील अनेक वर्षांची तिकीटविक्री तारण ठेवून सहा कोटी पौंडांचे कर्ज उभे केले. २००१ मध्ये तो चौथा आला. त्या वेळी इंग्लंडच्या वाट्याला चॅम्पियन्स लीगच्या तीनच जागा होत्या. पुढच्या वर्षी पाचवा आला. तेव्हा जागा चार झाल्या होत्या. दोन्ही वेळा एका पायरीने चूक झाली. २००४ मध्ये लीड्स प्रीमियर लीगमधूनच बाहेर फेकला गेला आणि २००७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेला.

ब्लॅकबर्नच्या मालकांनी क्लब गहाण टाकला नाही. त्यांनी स्वतःच्या खिशात हात घातला आणि तो आजवर बाहेर काढलेला नाही. २०१६-१७ मध्ये संघ आणखी एक श्रेणी खाली गेला, तोही नॉटिंगहॅम फॉरेस्टइतकेच ५१ गुण असताना, केवळ दोन गोलांच्या फरकाने. पुढच्याच वर्षी तो ‘चॅम्पियनशिप’मध्ये परतला. २०२२-२३ मध्ये सहाव्या क्रमांकाच्या संडरलँडइतकेच ६९ गुण मिळवूनही गोलफरकावर सातवा आला आणि प्ले-ऑफला मुकला. २०२४-२५ मध्ये पुन्हा सातवा, या वेळी दोन गुणांनी. या काळात मालकांनी ओतलेली रक्कम वीस कोटी पौंडांच्या पुढे गेल्याचे सांगितले जाते. त्यातच २०२३ पासून भारतातील तपासयंत्रणेच्या एका चौकशीमुळे इंग्लंडला पैसे पाठविण्यासाठी या समूहाला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. लँकेशायरमधल्या एका गावाच्या फुटबॉल क्लबचे पगार दिल्लीतल्या न्यायालयाच्या तारखांवर अवलंबून राहावेत, हे दृश्य विलक्षण खरे. ब्लॅकबर्नच्या प्रेक्षकांनी या मालकांवर रोष धरला आहे आणि तो सर्वस्वी अन्याय्य नाही. पहिल्या दोन वर्षांतील निर्णय घायकुतीचे आणि अननुभवी होते. परंतु त्या अननुभवाची किंमत आधीपासून जाहीर होती. कोणत्या क्रमांकाला किती, हे कागदावर लिहिलेले होते आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी सर्वांना ठाऊक होते.

हा शेवटचा मुद्दा मनात ठेवून पालीच्या तिठ्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागले, की चित्र पालटते.

भारतीय क्लब फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदांची यादी काढली, तर गोव्याचा वाटा डोळ्यांत भरतो. डेम्पो स्पोर्ट्स क्लबने जुन्या नॅशनल लीगची दोन आणि आय-लीगची तीन मिळून पाच विजेतेपदे पटकावली : २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. साळगावकरने १९९८-९९ आणि २०१०-११ मध्ये, तर चर्चिल ब्रदर्सने २००८-०९ आणि २०१२-१३ मध्ये ही लीग जिंकली. एवढ्या यशातून या क्लबांना मिळाले काय? बक्षिसाची रक्कम होती. पण आय-लीगच्या विजेत्याला मिळणारे एक कोटी रुपये संघाच्या वर्षभराच्या खर्चापुढे नाममात्रच. दूरचित्रवाणी हक्कांतून क्रमांकानुसार वाटणी हा प्रकार नव्हता. हे क्लब चालले ते लोहखनिज, जहाजे आणि राजकीय प्रतिष्ठा यांच्या बळावर. मालकाला अभिमान वाटत होता, तोवर क्लब होता. गुणतालिकेतील जागा ही मालकाच्या दिवाणखान्यातील शोभेची वस्तू होती. तिला बाजारभाव नव्हता.

ज्या वस्तूला बाजारभाव नसतो, ती मोडीत काढताना कोणी दोनदा विचार करीत नाही. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकली होती. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. तो तळाला गेला होता म्हणून नव्हे. कंपनीचा विचार बदलला म्हणून. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये चर्चिलच्या पाठोपाठ दुसरा आला आणि २०१५ मध्ये त्याचा वरिष्ठ संघ गुंडाळला गेला. मुंबई एफसी २०१६-१७ मध्ये शेवटचा आला आणि संपला. विजेता, उपविजेता आणि तळाचा, तिघांचा शेवट एकच.

डेम्पोची कथा तर या साऱ्याचा कळस म्हणावी अशी आहे. २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये हा पाच वेळचा विजेता घसरला आणि नियमानुसार द्वितीय श्रेणीत उतरला. मालकांनी हात आखडता घेतला नाही. संघ टिकला, खेळला आणि २०१५-१६ ची द्वितीय श्रेणी जिंकून मानाने परतला. ही वाट ब्लॅकबर्नने २०१८ मध्ये चालली तशीच. फरक असा, की डेम्पो वरच्या पायरीवर पाय ठेवत असतानाच ती पायरीच काढून घेण्याचा बेत जाहीर झाला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला सर्वोच्च स्थान देऊन आय-लीगला खाली ढकलणारा आराखडा मांडला. सुपर लीगमध्ये शिरण्याचा मार्ग फ्रँचायझी शुल्काचा होता. मैदानावरील क्रमांकाचा नव्हता. २०१६ च्या मध्यावर डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्या वेळी ‘गोव्याचे क्लब रुसले’ असा सूर काही ठिकाणी उमटला होता. हिशेबाच्या वहीतून पाहिले, तर त्यात रुसवा नव्हता. पहिले आल्यावरही जेथे जायचे तेथे जाता येत नसेल, तर पहिले येण्यासाठी खर्च करणे हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

सुपर लीगने पैसा आणला, प्रेक्षक आणले, मैदाने सुधारली, हे नाकारता येणार नाही. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर गर्दी पाहायची असेल, तर एफसी गोवाच्या सामन्याला जावे. परंतु गुणतालिकेतील जागेचा प्रश्न तिनेही सोडविला नाही. २०२१-२२ पासून तेथे गटसाखळीत पहिला येणाऱ्यास साडेतीन कोटी, अंतिम विजेत्यास सहा कोटी, उपविजेत्यास तीन कोटी आणि उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांना प्रत्येकी दीड कोटी अशी बक्षिसे ठरविण्यात आली. बेरीज साडेपंधरा कोटी. इंग्लंडमधील एका जागेचे २८ लाख पौंड म्हणजे रुपयांत जवळपास तीस कोटी होतात. तेथे तेराव्या क्रमांकाचा संघ बाराव्यावर सरकला, तर जेवढे मिळवितो, त्याच्या निम्मे येथे सगळ्या बक्षिसांना मिळून होतात.

दोन देशांच्या बाजारपेठांची तुलना करणे रास्त नव्हे, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबर आहे. रकमेपेक्षा रचनेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सुपर लीगच्या या बक्षिसांत उपांत्य फेरीपर्यंत न पोहोचणाऱ्यांसाठी काहीही नव्हते, आणि २०२४-२५ पर्यंत तळाला जाणाऱ्याला कसलीही भीती नव्हती. २०२१-२२ चा विजेता हैदराबाद एफसी २०२३-२४ मध्ये अवघ्या एका विजयासह आठ गुणांवर शेवटचा आला. पुढच्या हंगामात तो त्याच लीगमध्ये होता. २०२४-२५ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग तळाला राहिला. तोही खाली गेला नाही. या हैदराबादची जन्मकथा पुण्याशी जोडलेली आहे. २०१४ पासून खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडल्यावर त्याच्या जागी हैदराबाद आला, आणि २०२५ मध्ये तोच क्लब दिल्लीला हलविण्यात आला. गुणतालिकेत वर-खाली होऊन जे घडायला हवे होते, ते नकाशावर घडले.

एफसी गोवाला मात्र क्रमांकाचा एकदा खरा लाभ झाला. २०१९-२० मध्ये साखळीत पहिला आल्यामुळे २०२१ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. याउलट २०२४-२५ मध्ये साखळीत दुसरा येऊन, उपांत्य फेरीत हरून त्याच्या हाती लागले ते दीड कोटीचे बक्षीस. त्याच वर्षीच्या सुपर कपच्या विजयाने मात्र त्याला आशियाई ‘चॅम्पियन्स लीग टू’चा दरवाजा उघडून दिला आणि २२ ऑक्टोबर २०२५ रोजी सौदी अरेबियाचा बलाढ्य अल नस्र फातोर्ड्यात खेळून गेला. त्या सामन्यात रोनाल्डो आला नाही, याची हळहळ गोव्यात पुष्कळ झाली. पण आठ-नऊ महिने चालणाऱ्या साखळीतील दुसऱ्या क्रमांकाने जे दिले नाही, ते थोडक्या दिवसांच्या बाद स्पर्धेने दिले, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

आशियाई महासंघाच्या दबावाने २०१९ मध्ये एक आराखडा तयार झाला. त्यानुसार २०२२-२३ पासून आय-लीगचा विजेता फ्रँचायझी शुल्क न भरता सुपर लीगमध्ये जाईल असे ठरले. २०२३ मध्ये पंजाबचा आणि २०२४ मध्ये मोहमेडनचा संघ असा वर गेला. डेम्पोसारख्यांना २०१६ मध्ये जे नाकारले गेले, ते आता नियमात आले. आय-लीगच्या पहिल्या क्रमांकाला प्रथमच खरे मोल आले. मग २०२४-२५ च्या हंगामात त्या मोलाचा पहिला मोठा वाद उद्भवला आणि त्याच्या केंद्रस्थानी पुन्हा गोव्याचाच क्लब होता.

६ एप्रिल २०२५ रोजी शेवटच्या फेरीचे सामने संपले, तेव्हा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांसह पहिला आणि वाराणसीच्या नावाने खेळणारा इंटर काशी ३९ गुणांसह दुसरा होता. परंतु जानेवारीत नामधारी एफसीविरुद्ध इंटर काशी हरला होता, त्या सामन्यात नामधारीने निलंबित खेळाडू उतरविल्याची तक्रार होती. महासंघाच्या शिस्तपालन समितीने त्या सामन्याचे गुण काशीला दिले. अपील समितीने ते काढून घेतले. महासंघाने चर्चिलला विजेता घोषित केले, गोव्यात चषकही सुपूर्द झाला. काशीने लोझान येथील आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे धाव घेतली. नामधारीचा हा वाद आणि खेळाडूच्या नोंदणीचा दुसरा एक वाद, दोन्हींत निकाल काशीच्या बाजूने लागले आणि १८ जुलै रोजी लवादाने इंटर काशी हाच विजेता असल्याचे स्पष्ट केले.

चर्चिलच्या पाठीराख्यांना हा अन्याय वाटला, काशीच्या पाठीराख्यांना न्याय. लवादाचा निकाल हाच अंतिम मानणे भाग आहे आणि नियमांच्या चौकटीत तो बरोबरच म्हणावा लागेल. चिंतेची बाब निराळी. शेवटची शिट्टी आणि अंतिम क्रमांक यांच्यात १०३ दिवस गेले. या १०३ दिवसांत दोन्ही क्लबांना पुढच्या वर्षी आपण कोणत्या लीगमध्ये असू, हे सांगता येत नव्हते. फुटबॉल क्लबाचा व्यवहार उन्हाळ्यात ठरतो. परदेशी खेळाडूंचे करार, प्रशिक्षकाची नेमणूक, मैदानाचे भाडे, अंगरख्यावरील प्रायोजकाचे नाव हे सारे मे ते जुलै या काळात पक्के होते. वरच्या लीगचा भाव वेगळा, खालच्या लीगचा वेगळा. कोणत्याही प्रायोजकाचा पहिला प्रश्न हाच असतो, की संघ खेळणार कोठे? त्याचे उत्तर नसलेला विजेता आणि उत्तर नसलेला उपविजेता बाजारात सारखेच हतबल असतात.

हे सारे ज्या वरच्या लीगसाठी चालले होते, तिचीच पायाभरणी त्याच सुमारास ढासळली, हे आणखी एक. महासंघाने २०१० मध्ये व्यापारी भागीदाराशी केलेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. त्यातून महासंघाला दरवर्षी पन्नास कोटी रुपये मिळत होते. नवा करार न झाल्याने लीग चालविणाऱ्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये, लवादाच्या निकालाच्या आगेमागेच, २०२५-२६ चा हंगाम स्थगित केला. महासंघाने नव्या भागीदारासाठी निविदा काढली, तर नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. डिसेंबरअखेर मुंबई सिटीमधून ‘सिटी फुटबॉल ग्रुप’ बाहेर पडला. मँचेस्टर सिटीच्याच मालकांच्या या समूहाने २०१९ मध्ये मुंबईच्या क्लबात ६५ टक्के वाटा घेतला होता. ज्यांना इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकाचे मोल नेमके ठाऊक आहे, त्यांनी भारतातील दोनदा साखळीत पहिला आलेला क्लब सोडून दिला, यातून बाजाराने काय ते सांगितले. अखेर केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या मध्यस्थीने चौदा संघांचा, प्रत्येकाशी एकदाच खेळण्याचा, ९१ सामन्यांचा आखूड हंगाम १४ फेब्रुवारी २०२६ रोजी सुरू झाला. इंटर काशी त्यातला चौदावा.

आता पालीचा दुसरा फाटा. कोल्हापुरात कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ लीगमध्ये पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस हे संघ वर्षानुवर्षे शाहू स्टेडियमवर भिडतात. तेथे दूरचित्रवाणीची वाटणी नाही, फ्रँचायझी शुल्क नाही, आशियाई स्पर्धेचे तिकीटही नाही. संघ उभा राहतो तो पेठेतल्या वर्गणीवर, एखाद्या नगरसेवकाच्या किंवा व्यापाऱ्याच्या आश्रयावर आणि वर्षभर भरणाऱ्या स्थानिक स्पर्धांच्या बक्षिसांवर. तरीही कितवा आलो, यावरून मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यात वर्षभर बोलाचाली चालतात, आणि कधी कधी त्या बोलाचालींपुरत्या राहत नाहीत, म्हणून पोलिसांचा बंदोबस्त लागतो. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात या क्रमांकाची किंमत शून्य भरेल. मात्र कोल्हापुरातील तालमीला दुसऱ्या शहरात हलविता येत नाही. तिचा मालक विचार बदलून ती बंद करू शकत नाही, कारण तिला एक मालकच नाही. गोव्याच्या क्लबांकडे पैसा होता, पण पेठ नव्हती; सुपर लीगच्या क्लबांकडे प्रेक्षक आहेत, पण त्यांच्या क्रमांकाला वजन नाही; तालमींकडे पेठ आहे, क्रमांकाला वजन आहे, आणि वर जाण्याची वाट परवडणारी नाही. शाहू स्टेडियमवरील विजेत्या संघाने राष्ट्रीय श्रेणीत उतरायचे म्हटले, तर परवाना, युवा संघ, प्रशिक्षकांच्या पदव्या, देशभरचा प्रवास एवढा खर्च समोर उभा राहतो. तो कशाच्या भरवशावर करायचा? राष्ट्रीय पातळीवर कोणत्या क्रमांकाला काय मिळेल, हे हंगामापूर्वी लेखी आणि पाच-दहा वर्षांच्या मुदतीने सांगणारा कागद आजवर कोणी त्यांच्यासमोर ठेवलेला नाही. असा कागद असता, तर बँकेनेही कर्जाचा विचार केला असता. लीड्सची गोष्ट ऐकून थोडा जपून केला असता, इतकेच.

डेम्पो दरम्यान परतला. गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये काही वर्षे काढल्यानंतर २०२३-२४ मध्ये आय-लीगच्या खालच्या श्रेणीत दुसरा क्रमांक मिळवून त्याने २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये पाऊल ठेवले. चर्चिल आणि काशी यांच्यात एका गुणाचा आणि नंतर १०३ दिवसांचा वाद झाला, त्याच हंगामात, त्याच गुणतालिकेत, पाच राष्ट्रीय विजेतेपदे गाठीशी असलेला हा क्लबही होता. त्या पाचांपैकी एकाही विजेतेपदाने त्याला वरच्या लीगच्या दिशेने एक पायरीही पुढे नेले नव्हते.